एकट्यापुरता हलका तंबू आणि बिछाना: जांभ्यावरच्या सहा रात्रींनंतर

गेल्या नोव्हेंबरात मी एकट्याने डोंगरात मुक्काम करण्यासाठी तीन वस्तू विकत घेतल्या: हलका तंबू, पिसांची स्लीपिंग बॅग आणि हवा भरायची मॅट. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणारी वाट, आंबा घाटाचा परिसर आणि गगनबावडा अशा ठिकाणी मिळून सहा रात्री त्यांत काढल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीच्या वस्तू वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात आणि माझा आक्षेप नावापेक्षा घडणीवर आहे.

खरेदीपूर्वी मी जी परीक्षणे वाचली, त्यांतली बहुतेक अमेरिकेतल्या, एकट्याने डोंगरात जाणाऱ्या शिकाऱ्यांची होती. रॉकी पर्वतात एल्क नावाच्या मोठ्या हरणामागे आठवडाभर फिरणाऱ्या या माणसाला शिकार साधलीच तर सगळे मांस पाठीवरून खाली आणायचे असते, आणि एका मोठ्या नराचे हाडे काढलेले मांसही अनेकदा ८० किलोंच्या वर भरते. त्यामुळे तंबूचे शंभर ग्रॅम वाचवण्यासाठी तो दुप्पट पैसे मोजतो, यात नवल नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच उरलेला नाही. ज्या दाजीपूरच्या रानात एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारी होत, तिथे आता गव्यांसाठी राखलेले राधानगरी अभयारण्य आहे. तरीही त्या शिकाऱ्यांचे ग्रॅमचे हिशेब मी जसेच्या तसे उचलले आणि त्याची किंमत पहिल्याच रात्री मोजली.

तंबू दुपदरी आहे, म्हणजे आत जाळीचा कप्पा आणि वर पाणी न शिरणारे कापड. त्याला स्वतःचा सांगाडा नाही. चालताना हातात असलेली काठी मध्ये उभी करायची आणि सहा मेखांनी चहूबाजूंनी ताण द्यायचा, अशी त्याची रचना आहे. वेष्टनावर वजन १,०५० ग्रॅम छापलेले असले, तरी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर मेखा, दोऱ्या आणि पिशवीसह ते १,२९० ग्रॅम भरले. छापील आकड्यात मेखा धरलेल्या नसतात, हे बारीक अक्षरांत लिहिलेले मी नंतर वाचले. मेखांशिवाय हा तंबू म्हणजे नुसते फडके असल्यामुळे तो आकडा छापण्यात काय अर्थ आहे, हे मला अजून कळलेले नाही.

खरी अडचण जमिनीची आहे. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार आणि त्याच्या आसपासचे माळरान जांभ्याचे आहे; वर चार बोटे माती, खाली कातळ. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, म्हणून मी पठाराखालच्या एका शेतकरी काकांना विचारून त्यांच्या पडीक रानात तंबू लावायला घेतला. ॲल्युमिनियमच्या बोटाएवढ्या जाडीच्या मेखांपैकी दोन वाकल्या, एक दोन इंच आत जाऊन अडली आणि उरलेल्या तीन कशाबशा बसल्या. काका बांधावर बसून हे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "पावणं, ह्यात माणूस मावतंय व्हय? आन् वारं सुटलं तर कुठं जाशीला?" वारे पहाटे तीनच्या सुमारास सुटले. नायलॉन दहिवराने ओले झाले की सैल पडते, हा त्या कापडाचा गुणच आहे. पॉलिएस्टर तसे पडत नाही. सैल पडलेल्या कापडाला वाऱ्याचे हिसके बसू लागले, पायाकडची मेख उपसली आणि ओले कापड थेट स्लीपिंग बॅगेवर येऊन चिकटले.

पुढच्या फेरीपासून मी मेखांवर विसंबणे सोडले. दोरीचा लांब फास एका लहान धोंड्याभोवती घालून त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, मोठा धोंडा टेकवला की ताण आला तरी लहान धोंडा मोठ्याला अडतो आणि दोरी सरकत नाही. याशिवाय हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची लोखंडी खिळे घेतले. ते सगळे मिळून ३०० ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे महागड्या कापडाने वाचवलेले वजन मी खिळ्यांच्या रूपाने परत सॅकमध्ये घातले. आज पुन्हा घ्यायचा झाल्यास मी आपल्या सांगाड्यावर उभा राहणारा, चारशे-पाचशे ग्रॅमने जड पण पॉलिएस्टरचा तंबू घेईन.

एका बाबतीत मात्र हा तंबू चोख आहे. त्या शिकाऱ्यांपैकी अनेक जण तळ नसलेले, नुसते छप्पर वापरतात आणि त्यात छोटी शेगडीही पेटवतात. आपल्या रानात विंचू आहेत, फुरसे आहे, पावसाळ्यात आंब्याकडे जळवा आहेत. इथे शिवलेला तळ आणि बारीक जाळी यांवर तडजोड करू नये. या तंबूची जाळी आणि चेन सहा रात्रींत कुठेही अडकली वा उसवली नाही. तळाखाली कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून मापाने कापून आणलेला ताडपत्रीचा पातळ तुकडा घालतो. कापड कितीही चांगले असले, तरी झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडतेच, त्यामुळे वरचा झरोका थंडीतही उघडा ठेवावा लागतो. तो मोठा असल्याने आतली जाळी कोरडी राहिली.

स्लीपिंग बॅगेबद्दल सांगायचे, तर आधी तिची पट्टी नीट वाचावी. तिच्यावर तीन तापमाने असतात: आरामाचे, मर्यादेचे आणि टोकाचे. माझ्या बॅगेवर ती अनुक्रमे ८, ३ आणि उणे १० अंश आहेत, आणि विक्रेत्याने मला तिसरा आकडा मोठ्या अभिमानाने दाखवला होता. टोकाचा आकडा म्हणजे त्या थंडीत सहा तास जीव तगू शकतो एवढेच. तिथे झोप लागत नाही. खरेदी पहिल्या आकड्यावरच करावी. पन्हाळ्याच्या, म्हणजे सुमारे ३,२०० फुटांच्या उंचीवर डिसेंबरात ८ अंशांची बॅग भरपूर झाली. प्रश्न थंडीचा नव्हताच, ओलीचा होता. पिसे फुलून हवा धरतात म्हणून ऊब देतात. ती भिजली की त्यांचा गोळा होतो. ओले कापड अंगावर आले त्या रात्री पायाकडचा भाग पापडासारखा चपटा झाला आणि मी उरलेली रात्र मोज्यांवर मोजे चढवून काढली. कृत्रिम धाग्याची बॅग साधारण ३०० ग्रॅमने जड आणि निम्म्या किमतीची असते, पण ओलीतही बऱ्यापैकी ऊब धरते. आमच्या घरचे पट्टणकोडोलीच्या जत्रेतून आणलेले घोंगडे या कसोटीला सर्वांत चांगले उतरले असते. फक्त ते अडीच किलोंचे आहे.

मॅटबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. दुसऱ्या रात्री बाभळीचा काटा ताडपत्री, तळ आणि मॅट असे तिन्ही थर भेदून गेला. आता मी घडीची फोमची मॅट वापरतो. तिचे वजन हवेच्या मॅटएवढेच, ४१० ग्रॅम आहे, काटा टोचला तरी तिला काही होत नाही आणि दुपारी झाडाखाली अंथरूनही बसता येते.

शेवटी साठवणीबद्दल. तंबूच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो आणि दमट हवेत तो हळूहळू विरघळल्यासारखा चिकट होतो, आंबूस वास येऊ लागतो आणि पापुद्रे सुटतात. माझ्या जुन्या तंबूचे कोल्हापूरच्या दोन पावसाळ्यांत असेच झाले, कारण तो ओलसर असतानाच घट्ट गुंडाळून माळ्यावर टाकला होता. नवा तंबू सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपाटात वरच्या खणात ठेवला आहे, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की तो गच्चीत सावलीला तासभर दोरीवर टाकतो.