कुत्र्यांच्या बोर्डिंगला टॅपो ॲप की ब्लू आयरिस?

मैत्रीण घरीच पाच-सहा कुत्री सांभाळते. पालक गावाला गेले की दर तासाला एकच चौकशी, "आमचा ब्रूनो काय करतोय?" कॅमेरा दाखवायचा, पण कशातून? टॅपो हे टीपी-लिंकच्या घरगुती कॅमेऱ्यांचं ॲप, तर ब्लू आयरिस हे कॅमेऱ्यांचं चित्रण बघायचं-साठवायचं विंडोज सॉफ्टवेअर.

खर्चात टॅपो सरळ पुढे. ॲप फुकट, रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर. ब्लू आयरिस विकत घ्यावं लागतं, वर चोवीस तास चालणारा विंडोज संगणक. २ एमबीपीएसचा (सेकंदाला २ मेगाबिट चित्रण पाठवणारा) एक कॅमेरा दिवसाला साधारण २१-२२ जीबी खातो, म्हणजे हार्डडिस्कही मोठीच हवी.

खरी मेख पालकांना दाखवण्यात आहे. टॅपोत प्रत्येकाला खातं उघडायला लावून कॅमेरा शेअर करायचा, आणि कुत्रं घरी गेलं की आठवणीने ते शेअरिंग बंद करायचं. विसरलात तर परका माणूस तुमचं घर बघत बसतो! ब्लू आयरिसमध्ये वेगळं लॉगिन देता येतं, तेही ठरावीक कॅमेऱ्यांपुरतं. मात्र बाहेरून जोडणी तुम्हालाच जमवायची. अनेक ब्रॉडबँडवर सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल असा स्वतःचा पत्ता) मिळत नाही, तिथे राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून काहीच होत नाही.

दोन-तीन कुत्री आणि ओळखीचे पालक असतील तर टॅपो. रोज नवी गिऱ्हाइकं आणि घरात संगणकाशी झटणारं कोणी असेल तर ब्लू आयरिस. टॅपोचे बॅटरीवर न चालणारे बरेच कॅमेरे आरटीएसपी (इतर सॉफ्टवेअरला थेट चित्रण पुरवायची सोय) देतात, त्यामुळे नंतर मन बदललं तरी ते वाया जात नाहीत.