मुल्वाड व्हीपीएन : ग्राहकाचे नावही न विचारणारी सेवा

रत्नागिरीत करसल्लागाराचे काम करताना चिपळूण, कुडाळकडे लॉजवर मुक्काम पडतो आणि तिथल्याच वायफायवरून लोकांची कागदपत्रे पाठवावी लागतात, म्हणून मी स्वीडनमधील मुल्वाड कंपनीची व्हीपीएन सेवा घेतली. व्हीपीएन लावल्यावर आपले इंटरनेट सांकेतिक रूपात त्या कंपनीच्या सर्व्हरमधून जाते, त्यामुळे आपण कोणती संकेतस्थळे पाहतो हे लॉजमालकाला किंवा इंटरनेट कंपनीला दिसत नाही. मात्र ते व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. त्यामुळे त्या कंपनीवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा, हाच माझ्या मते खरा प्रश्न आहे.

‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ असे बहुतेक सगळ्याच कंपन्या सांगतात. प्युअरव्हीपीएनही तसेच सांगत असे, पण २०१७ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात तिच्याकडच्या नोंदी एफबीआयच्या उपयोगी पडल्याचे उघड झाले. मुल्वाडच्या गोटेबर्ग येथील कार्यालयात एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन आले आणि ग्राहकांची माहितीच साठवलेली नसल्यामुळे रिकाम्या हाताने परतले. खाते उघडतानाच याचा अनुभव येतो. नाव, ईमेल, मोबाइल क्रमांक यांपैकी काहीही न विचारता १६ अंकी क्रमांक पडद्यावर येतो आणि तेवढ्यावरच लॉगिन होते. तो वहीत नीट उतरवून ठेवावा. अर्थात कार्डाने पैसे भरले की त्या व्यवहाराची नोंद बँकेकडे राहतेच. पाकिटात रोख रक्कम घालून पाठवण्याची सोय कंपनीने ठेवली आहे, पण इथून ती व्यवहार्य नाही.

केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि आयपी पत्ते (इंटरनेटवर उपकरण ओळखणारे क्रमांक) पाच वर्षे जपून ठेवणे व्हीपीएन कंपन्यांना बंधनकारक केले, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, प्रोटॉन आदींनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. मी मुल्वाडचा सिंगापूरचा सर्व्हर वापरतो. वेग थोडा घटतो, आणि परदेशी पत्ता दिसताच माझ्या बँकेचे ॲप अडते, म्हणून ते व्हीपीएनमधून वगळून ठेवले आहे. पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडून फोन मोबाइल डेटावर जातो. अशा वेळी व्हीपीएन पुन्हा जोडला जाईपर्यंत मुल्वाडचे ॲप इंटरनेटवरची सगळी ये-जा रोखून धरते, हे मला फार मोलाचे वाटते.

दर महिना ५ युरो, म्हणजे साधारण पाचशे रुपये. वर्षाचे एकदम भरले तरी सवलत नाही, त्यामुळे एकेका महिन्याचेच भरावेत.