सातारा-देवळाई की सिडको? घर घ्यायच्या आधी हे बघा

बीड, जालना, परभणीकडून पोरांच्या शिक्षणापायी संभाजीनगरला यायचं ठरलं की एजंट बजेट ऐकतो आणि दोनच गोष्टी दाखवतो, एक तर सिडकोतलं, म्हणजे सिडको ह्या सरकारी कंपनीनं वसवलेल्या भागातलं, जुनं रो हाऊस नाहीतर सातारा-देवळाईतला नवा फ्लॅट. दोन्हीकडं टॅक्स महापालिकेलाच भरायचा, म्हणून लोक समजतात फरक काय तो रेटचा. तसं नाहीये ना.

सातारा आणि देवळाई मूळची खेडी. बीड बायपासच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला, साताऱ्यात खंडोबाचं जुनं मंदिर, चंपाषष्ठीला यात्रा. शहर रेल्वे लाईन ओलांडून तिकडं सरकत गेलं, शेतं तुकड्यातुकड्यानं विकली गेली, कॉलन्या उठल्या आणि हे सगळं दोन ग्रामपंचायतींच्या अंगावर. मग २०१४ ला दोघांची मिळून नगर परिषद केली आणि २०१५ ला तीच उचलून महापालिकेत विलीन केली. म्हणजे नगर परिषदेला बस्तान बसवायला पण वेळ मिळाला नाही, नळ, ड्रेनेज, रस्ते हे सगळं राहिलेलं काम जसंच्या तसं महापालिकेच्या गळ्यात, आणि महापालिकेची स्वतःची मुदत २०२० ला संपली तर पुढं कितीतरी वर्षं प्रशासकच. त्या काळात नगरसेवकच नव्हते म्हटल्यावर गल्लीतल्या खड्ड्यासाठी भांडायचं कुणाशी?

सिडकोचं बरोबर उलटं. तिथं आधी नकाशा आणि मग माणसं. एन-१, एन-२ असे सेक्टर पाडले, रस्ते, गार्डन, शाळेच्या जागा आधीच सोडल्या, आणि २००६ ला सगळं महापालिकेच्या ताब्यात दिलं. दोन्ही भाग बाहेरून येऊनच महापालिकेत घुसले, पण एक जण संसार घेऊन आला आणि दुसरा रिकाम्या हातानं.

आता पाणी. शहराला पाणी जायकवाडीचं, पार पैठणहून उचलून आणायचं, जुन्या लाईनी ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या, शहर किती वाढलं ते बघा. त्यामुळं सिडकोत पण रोज नळ येतो असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, मध्ये काही दिवसांचा गॅप असतोच. पण नळ आहे, आणि वार माहीत असतो. सातारा-देवळाईत वर्षानुवर्षं बोअर आणि टँकर, उन्हाळ्यात बोअर आटलं की सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च वाढलाच समजा. २५०० मिलिमीटरच्या नव्या लाईनवर बिल्डर लोक फ्लॅट विकतात, "पाणी येणारच आहे साहेब". आपण बघायला जायचं ते एप्रिल-मे मध्ये, आणि बिल्डरला नाही तर तिथल्या वॉचमनला विचारायचं.

खरी मेख कागदात आहे. सातारा-देवळाईत तीन प्रकारचा माल मिळतो. एनए म्हणजे बिगरशेती झालेल्या, लेआऊट मंजूर असलेल्या जागेवर महापालिकेची परवानगी असलेली बिल्डिंग, ती बिनधास्त बघा. दुसरं, ग्रामपंचायतीच्या काळातलं बांधकाम, तिथं परवानगी नेमकी कुणी दिली आणि कशाची दिली ते वकिलाकडून वाचून घ्या. तिसरं म्हणजे गुंठेवारी, शेतजमिनीचे लेआऊट मंजूर न करता पाडलेले छोटे प्लॉट, त्यात बॉण्डवर, म्हणजे रजिस्ट्री न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर घेतलेला प्लॉट आला की मी तर म्हणतो हात जोडा आणि निघा, कितीही स्वस्त असू द्या. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, नंतर दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली, तेव्हा नियमित झाल्याचा कागद मालकाच्या हातात असेल तर बोलणी करा, "फाईल टाकलीये" ह्याला काही किंमत नाही. बँक पण लोनच्या वेळी हेच बघते.

सिडकोत कागद सरळ वाटतो पण जमीन मुळात लीजवरची. ट्रान्सफरसाठी सिडकोची एनओसी लागते का ते विचारा, लागत असेल तर तिची फी कोण भरणार हे आधीच बोलून घ्या. आणि छोट्या रो हाऊसवर लोकांनी चढवलेले मजले, पुढं ओढलेले जिने, ह्यांची परवानगी मागा, बहुतेक वेळा समोरचा विषय बदलतो. पार्किंगचं तर विचारूच नका, एलआयजीच्या, म्हणजे कमी उत्पन्न गटाच्या छोट्या घरांच्या गल्लीत चारचाकी म्हणजे रोजचं भांडण.

जाण्यायेण्याचं सातारा-देवळाईचं आधीपेक्षा बरंच सुधारलं. बीड बायपास रुंद झाला, वर पूल झाले, शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकापाशी भुयारी मार्ग झाला, नाहीतर फाटक पडलं की सगळी वाट ठप्प. तरी क्लास, दवाखाना, रात्रीचं मेडिकल म्हटलं तर सिडको सिडकोच, कॅनॉटचं मार्केट, टीव्ही सेंटर, एमजीएमचं हॉस्पिटल सगळं हाताशी, बसस्टँड पण तिथंच. सातारा-देवळाईकडं हवा मात्र मोकळी, पावसाळ्यात डोंगर हिरवागार, फ्लॅट मोठा आणि नवा.

घरात म्हातारी माणसं असतील किंवा दहावी-बारावीचं पोरगं असेल तर मी सिडकोच सांगीन, घर जुनं असलं तरी. नवराबायको दोघं कमावते, गाडी आहे, दहा-पंधरा वर्षं राहायचंय, तर सातारा-देवळाई घ्या, पण बायपासला लागून असलेल्या कॉलनीत आणि पहिल्या प्रकारच्या बिल्डिंगमध्येच. ड्रेनेज लाईनला जोडलंय का सेप्टिक टँकवर चाललंय ते पण बघा, टोकन द्यायच्या आधी.