ग्रॅव्हल सायकल तिन्ही ऋतूंत वापरल्यावर: सगळं हँगरवर येऊन अडतं

ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, 700 बाय 40 (म्हणजे 40 मिमी रुंद) टायर, टू बाय नाइन (पुढे दोन, मागे नऊ चक्र्या) गिअर, केबलवाले डिस्क ब्रेक. माझ्या सायकलच्या किमतीच्या ग्रॅव्हल सायकलींना, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या सायकलींना, थोड्याफार फरकाने हेच असतं, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. लिहायला बसलोय ते अंगठ्याएवढ्या एका तुकड्यामुळे. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर नेऊन गिअर बदलणारा भाग, ज्याच्यावर टांगलेला असतो, तो हँगर.

नाशिकच्या पश्चिमेला ही सायकल चालवायची म्हणजे द्राक्षबागांतून जाणं आलंच. गोवर्धन, सावरगाव, गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, तिथून गिरणारे, पुढे वाघेरा घाट आणि हरसूल. यातला निम्मा रस्ता शिवारातला. ऑक्टोबर छाटणी झाली की छाटलेल्या काड्या बांधावर आणि रस्त्याच्या कडेला टाकलेल्या असतात. वाळल्या की त्या तारेसारख्या कडक होतात. गिरणाऱ्याच्या अलीकडे, बागांमधल्या चाकोरीतून जाताना त्यातलीच एक काडी पुढच्या चाकाने उडवली आणि ती मागे डिरेलरच्या पिंजऱ्यात आडवी शिरली. पेडल अर्धा फेरा फिरलं असेल नसेल, कडाड आवाज झाला. डिरेलर चेनसकट स्पोकवर लोंबत होता आणि हँगर मधोमध तुटलेला.

हँगर तुटला याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तो तुटण्यासाठीच असतो. त्याला मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा आणि वेगळा बसवायचा करतात, म्हणजे धक्का बसला की तो जातो आणि फ्रेम वाचते. डिरेलरला माझ्या एक ओरखडाही नव्हता. म्हणजे डिझाइनने आपलं काम चोख केलं. तक्रार पुढची आहे.

पिशवीत चेन ब्रेकर होता. चेन कापून, मधल्या एका चक्रीवर आखूड करून सिंगल स्पीड केली. सपाटीवर चालते, पण चढावर चेन शेजारच्या मोठ्या चक्रीवर चढायला बघते आणि इतकी ताणली जाते की हात लावायची भीती वाटते. टोमॅटोचे क्रेट घेऊन गिरणाऱ्याच्या मार्केटला निघालेला एक पिकअप थांबला. "दादा, टाका मागं, पाय तोडता का काय," म्हणाला. क्रेटवर पोतं अंथरून सायकल आडवी ठेवली, मार्केटपर्यंत नेली आणि चहासुद्धा त्यानेच पाजला. पैसे घेतले नाहीत.

आता दुकान. जिथून सायकल घेतली तिथे हँगर नव्हता. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला, तर पहिलं उत्तर: "सर, ॲक्सिडेंटल डॅमेज वॉरंटीत येत नाही." मी वॉरंटी मागतच नव्हतो, पैसे देऊन सुटा भाग मागत होतो. बिल पाठवा, फ्रेम नंबर पाठवा, तुटलेल्या भागाचा फोटो पाठवा, दुसऱ्या बाजूने फोटो पाठवा. सगळं पाठवलं. मग निरोप आला की हँगर सुटा मिळत नाही, डिरेलरसकट संच घ्या. चार-पाचशे रुपयांच्या तुकड्यासाठी चांगला चालू डिरेलर बाजूला ठेवून दुसरा विकत घ्यायचा! हे ऐकून माझा पारा चढला आणि मी ते साफ नाकारलं. महिना उलटला. थंडी पडली, सायकलिंगचे सगळ्यात चांगले दिवस, आणि सायकल भिंतीला टेकून उभी.

इंटरनेटवर हँगरचे शेकडो आकार आहेत. भोकांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तरी बसत नाही. हाच घोळ मिटवायला सायकलचे भाग करणाऱ्या स्रॅम कंपनीने 2019 मध्ये यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर), म्हणजे कुठल्याही कंपनीने आपल्या फ्रेमला वापरावा असा एकच हँगर आणला. बऱ्याच नव्या महागड्या फ्रेमवर तो असतो, माझ्या किमतीच्या सायकलवर नाही.

शेवटी तुटलेले दोन्ही तुकडे घेऊन अंबडच्या एमआयडीसीत गेलो. गाड्यांचे सुटे भाग करणारं छोटं सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्रांचं) वर्कशॉप. मालकांनी तुकडे जुळवून टेबलावर ठेवले, व्हर्नियरने मापं घेतली आणि विचारलं, "भाऊ, स्टीलचा करून देऊ का? जन्मात तुटणार नाही." त्यांना समजावून सांगितलं की तुटायलाच हवा, नाहीतर पुढच्या वेळी फ्रेमचा कान, म्हणजे हँगर जिथे बसतो तो भाग, जाईल. त्यांना ते लगेच पटलं. म्हणाले, "मग शिअर पिनसारखं आहे हे." अगदी तसंच, जास्त ताण आला की ती पिन आधी तुटते आणि यंत्र वाचतं. ॲल्युमिनियमच्या पट्टीतून त्यांनी एक काढला, तिथेच बसवून बघितला. डिरेलर ज्यात बसतो त्या भोकाचे आटे 10 मिमीचे आणि बारीक असतात, ते पाडायचा टॅप त्यांच्याकडे होता. सेटिंगलाच जास्त वेळ जातो, एकदा प्रोग्रॅम झाला की पुढचे नग स्वस्त पडतात, म्हणून पाच करून घेतले. पाचांचा मिळून खर्च कंपनीने सांगितलेल्या संचाच्या पावपटही नव्हता. फिनिशिंग मूळ भागापेक्षा सरस आहे, हे मी जबाबदारीने लिहितोय. ज्या शहरात असे हात आहेत तिथे माणसाने एका हँगरसाठी महिनाभर वाट बघावी, हे मला अजूनही सहन होत नाही.

त्यानंतर सायकल पुन्हा भरपूर चालवली आहे, त्यामुळे आता बाकीचं.

टायर. त्र्यंबक-हरसूल पट्ट्यातल्या तांबूस मुरमावर 40चा टायर उत्तम. माझं वजन सत्तरच्या आसपास, मी हवा पस्तीस पीएसआय ठेवतो. दिंडोरी, मोहाडी, जानोरीकडे मात्र काळी माती. उन्हाळ्यात ती ट्रॅक्टरने दाबून सिमेंटसारखी होते, पण एक पाऊस पडला की टायर आणि फ्रेममधल्या फटीत गच्च बसते आणि चाक फिरेनासं होतं. जून ते सप्टेंबर त्या बाजूच्या शिवार रस्त्यांवर जाऊ नका, कुठलीही ग्रॅव्हल सायकल असो. मखमलाबादकडचा पाटाचा रस्ता त्या दिवसांत बरा, पण तिथे बाभळीचे काटे आहेत. टायर ट्यूबलेस करून घेतल्यापासून काट्यांची चिंता गेली. फक्त आपल्या उन्हाळ्यात सीलंट (टायरमधलं, भोक बुजवणारं द्रव) लवकर सुकतं, मार्चमध्ये आणि मेमध्ये व्हॉल्व्ह काढून बघायचं आणि भर घालायची.

ब्रेक. पहिल्या पावसाळ्यात पहिनेकडून उतरताना ब्रेक असे काही किंचाळले आणि लिव्हर इतकी आत गेली की केबलवाले डिस्क म्हणजे पैसे वाया, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. ते मत आता राहिलेलं नाही. सायकलबरोबर आलेले रेझिनचे पॅड काढून धातूमिश्रित पॅड टाकले, आणि पावसातही ते टिकले. आवाज अजून येतो. पण हायड्रॉलिकचं तेल गळालं तर हरसूलला कोण बघणार? केबल मात्र गावातल्या कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळते. हँगरच्या प्रकरणानंतर मी प्रत्येक भागाकडे याच नजरेने बघतो: तुटला तर कुठे मिळेल?

रस्त्यांबद्दल थोडं. वाघेऱ्याच्या बाजूला साग, ऐन, मोह, मधूनच नागलीची आणि भाताची खाचरं. चढ छातीवर येतो, पण गर्दी अजिबात नाही. अंजनेरीला पायथ्यापर्यंत जा, डोंगरावर सायकल चढवू नका. ते 2017 पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि सेरोपेजिया अंजनेरिका ही त्याच डोंगराच्या नावाची वनस्पती तिथल्या कातळावर उगवते. टायरखाली काय जातंय ते कळतही नाही. सिंहस्थ 2027 मध्ये आहे आणि त्र्यंबक रस्त्याकडे रुंदीकरणाची कामं असतात, तिकडे धूळ आणि डंपर दोन्ही धरून चाला.

बागांतून जाताना एक बघत जा. खाण्याच्या द्राक्षांचे बरेच मांडव डोक्यावर पसरलेले असतात, खाली सावली. वाईनची द्राक्षं, शिराझ किंवा शेनिन ब्लाँ, उभ्या तारांवर कुंपणासारखी ओळीने लावतात, त्यामुळे ओळींमधून थेट धरणाचं पाणी दिसतं. सावरगावच्या बाजूला जानेवारीच्या सकाळी हा देखावा बघितला की सायकलवर घातलेला पैसा वसूल झाल्यासारखा वाटतो. ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर फवारणी करत असेल तर मात्र थांबा किंवा परत फिरा, ते औषध छातीत घेऊ नका. आणि रस्ता खासगी वाटला तर शेतकऱ्याला विचारा. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही.

2015 मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून नाशकात रोडबाइकचं वेड चांगलंच वाढलं, आणि रोडबाइकचे भाग इथल्या दुकानांत मिळतात. ग्रॅव्हलचं तसं व्हायला हवं. म्हणून सायकल घेताना रंग आणि वजन नंतर बघा. आधी दुकानदाराला सांगा, "याच मॉडेलचा हँगर दाखवा." काउंटरवर काढून ठेवला तर त्याच बिलात दोन घ्या, एक सीटखालच्या पिशवीत, एक घरी. "मागवून देतो" म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

हे लिहीत असतानाच कंपनीकडून पाकीट आलं. आत हँगर होता, मागणीच्या तारखेची चिठ्ठीसुद्धा होती. लावून बघितला तर आधीच्या मॉडेलचा, स्क्रूची भोकं जुळत नाहीत. त्यामुळे सर्व्हिससाठी एक तारा देणार होतो, तोही देत नाही. सायकलला चार.

माझ्याकडे अंबडहून करून घेतलेले दोन हँगर जास्तीचे आहेत. कुणाच्या सायकलला तसाच लागत असेल तर आपल्या हँगरचा दोन्ही बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून, पाठवा. जुळला तर मला पडला त्याच भावात देईन.