बेब्रास स्पर्धा: कोडिंग नको, पण वाचन पक्कं हवं

लिथुआनियात 2004 साली व्हॅलेंटिना डागिएने यांनी सुरू केलेली बेब्रास ही संगणकीय विचारपद्धतीची स्पर्धा आता अनेक देशांतल्या शाळांत होते. बेब्रास म्हणजे लिथुआनियन भाषेत बीव्हर, नदीवर बांध घालणारा तो कष्टाळू प्राणी. प्रोग्रॅमिंग इथे लागत नाही. त्यामुळे महिनाभर कोडिंगचा क्लास लावून मुलं पाठवण्यात काही हशील नाही.

प्रश्न छोटे असतात, प्रत्येकी साधारण तीन मिनिटांचे. नमुना पाहा: मणी 4, 2, 3, 1 असे ओळीत आहेत. फक्त शेजारचे दोन मणी अदलाबदल करता येतात. कमीत कमी किती अदलाबदलींत 1, 2, 3, 4 होईल? बरीच मुलं मणी सरकवत बसतात, मध्येच मोजणी चुकते आणि सहा-सात उत्तर येतं. युक्ती अशी की उलट्या क्रमातल्या जोड्या मोजायच्या: 4-2, 4-3, 4-1, 2-1, 3-1. उत्तर पाच. एका अदलाबदलीत जास्तीत जास्त एकच उलटी जोडी सुटते, म्हणून पाचाच्या खाली जाताच येत नाही. हे ‘म्हणून’ सापडणं हाच स्पर्धेचा खरा कस.

गुणांची पद्धत देशागणिक बदलते, नियमपत्रक आधी वाचाच. एका प्रचलित पद्धतीत सोप्या, मध्यम आणि अवघड प्रश्नाला 6, 9, 12 गुण, चुकलं तर 2, 3, 4 वजा आणि सोडून दिलं तर शून्य. प्रत्येक गटात पाच प्रश्न धरले तर सगळी उत्तरं चुकल्यास 45 गुण जातात, म्हणून सुरुवातीलाच 45 हातात देतात. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तर सरासरी फायदा-तोटा शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर मात्र ठोकावं; सहा गुणांच्या प्रश्नात सरासरी दोन तृतीयांश गुण पदरात पडतो. मुलांना हे गणित आधी समजावून सांगितलं की ‘रिकामं ठेवू का?’ हा घोळ राहत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. वाचनाचा भार मोठा आहे. ‘नेमके दोन’, ‘किमान दोन’, ‘कोणते शक्य नाही’ असे शब्द नजरेतून निसटले की डोकं बरोबर चालूनही उत्तर चुकतं. बहुपर्यायी प्रश्नांत अर्ध्या विचाराला अर्धे गुण नाहीत, हे जरा कठोरच आहे.

शाळेच्या बाजूने तयारी साधी, पण आधी करायची. पडद्यावर वस्तू ओढून जागेवर ठेवायच्या प्रश्नांसाठी माऊस द्या. लॅपटॉपच्या टचपॅडवर लहान मुलांची बोटं अडखळतात आणि मिनिटं वाया जातात. लॉगिनच्या चिठ्ठ्या छापून ठेवा, सराव चाचणी त्याच संगणकांवर घ्या. कच्चा कागद आणि पेन्सिल प्रत्येकाला द्याच, मणी सरकवण्यापेक्षा आकृती काढून उत्तर लवकर सुटतं.

सरावाला मागच्या वर्षांच्या पुस्तिका पुरेशा आहेत. त्यांत उत्तराच्या स्पष्टीकरणानंतर या प्रश्नामागे संगणकशास्त्रातली कोणती कल्पना आहे, हे सांगणारा भाग असतो. वर्गात तो वगळला जातो, आणि मला विचाराल तर अख्ख्या स्पर्धेतला सर्वांत मोलाचा भाग तोच.