तीन गिअरची ब्रॉम्प्टन: बस-ट्रेनला जोडून घ्यायची सायकल

घरापासून स्टेशन आणि स्टेशनपासून कामाची जागा, या दोन लहान टप्प्यांसाठीच बहुतेकदा गाडी बाहेर निघते. ब्रॉम्प्टन ही घडी होणारी सायकल त्या टप्प्यांसाठीच बनली आहे आणि तिथे ती अप्रतिम आहे. सगळा प्रवास सायकलवर आणि रस्ता खडबडीत असेल, तर मोठ्या चाकांची साधी सायकल घ्या. 16 इंची चाक प्रत्येक खड्डा हाताला कळवतं.

घडी अर्ध्या मिनिटात होते. मागचं चाक खाली वळवायचं, मधला क्लॅम्प सोडून पुढचं चाक त्याला भिडवायचं, हँडल पाडायचं आणि सीट तळापर्यंत दाबायची. सीट खाली गेली की घडी आपोआप उघडत नाही. चेन दोन चाकांच्या मध्ये जाते, त्यामुळे गर्दीत कोणाच्या कपड्यांना तेल लागत नाही. वजन मात्र साडेअकरा किलोच्या आसपास, म्हणजे जिने चढताना खांदा भरून येतो.

सीट हळूहळू खाली सरकत असेल तर सीटपोस्ट, म्हणजे सीटची नळी, कोरड्या फडक्याने पुसा. तिथे तेल किंवा ग्रीस कधीच लावू नका, कारण ती केवळ घर्षणावर उभी असते. बिजागराचा क्लॅम्पही ताकद लावून आवळू नये. त्याने पकड वाढत नाही, धातूच्या पट्ट्या लवकर झिजतात.

पॅडल अचानक रिकामं फिरलं तर हब (मागच्या चाकाच्या मध्यातला, गिअर असलेला भाग) बिघडलाय असं समजू नका. बहुधा गिअरची केबल ताणली किंवा सैल झालेली असते. दुसऱ्या गिअरवर टाका आणि मागच्या चाकाच्या उजव्या नटाच्या भोकातून आत बघा. तिथे गिअर ओढणारी बारीक साखळी असते; तिच्या दांड्याचा खांदा ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) टोकाशी समपातळीत किंवा फार तर 1 मिलिमीटर बाहेर हवा. गिअर बदलताना क्षणभर पॅडल थांबवा. सिग्नलला उभं असतानाही गिअर उतरवता येतो, हा हबचा मोठा फायदा.

पंक्चर काढणं हीच खरी कटकट. मागचं चाक काढायला आधी गिअरची साखळी, मग चेन ताणून धरणारा टेन्शनर सोडवावा लागतो. पहिल्यांदा अर्धा तास धरा. ट्यूब घेताना फक्त ‘16 इंच’ सांगू नका. लहान मुलांच्या सायकलींचं 305 मापही (रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) याच नावाने मिळतं. इथे 349 लागतं. एक जादा ट्यूब आणि 15 मिलिमीटरचा पाना पिशवीत ठेवा.