आधी घर की आधी व्यसनमुक्ती?

व्यसन किंवा मानसिक आजार असलेल्या बेघरांना घर देण्याच्या ‘जिन्याच्या’ पद्धतीत पायरीपायरीने चढावं लागतं: आधी निवारा, मग सामूहिक गृह, शेवटी स्वतःची खोली. अट: दारू बंद, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू. पाय घसरला की पुन्हा फुटपाथ. आणि अंथरुणाचाच पत्ता नसेल तर गोळ्यांची वेळ कोण पाळणार?

‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणजे ‘आधी घर’ या पद्धतीने (न्यूयॉर्क, १९९२) क्रम उलटवला. भाडेकरार रहिवाशाच्या नावे, भाडं उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के, आठवड्याला कार्यकर्त्याची किमान एक भेट. उपचारांची सक्ती नाही. कॅनडातल्या पाच शहरांच्या चाचणीत घर टिकण्यात हीच पद्धत सरस ठरली. व्यसन मात्र आपोआप सुटलं नाही. खरी गडबड भलतीकडेच होते: जुने सोबती खोलीत मुक्काम ठोकतात, शेजारी कुरकुरतात, घरमालक नोटीस धाडतो. तेव्हा किल्ली देतानाच पाहुण्यांचं बोलून घ्यावं.